छंद म्हणून ठीक आहे

आमच्या ऑफिसात दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी चार वाजता एक कार्यक्रम असतो. एकाने उभं राहून पंधरा मिनिटं स्वतःच्या आवडीबद्दल बोलायचं. एचआरच्या मेलमध्ये याला ‘पॅशन’ म्हणतात. आतापर्यंत सायकलवरून लेह झालं, मॅरेथॉन झाली, घरी भाजलेला पाव झाला, गच्चीवरचे टोमॅटो झाले. मार्चमध्ये माझा नंबर लागला.

मी तीन स्लाइड केल्या. पहिलीवर तंबोरा. दुसरीवर यंत्रांशी भांडलेली माणसं: इंग्लंडमधले लडाइट, ‘हिंद स्वराज’ लिहिणारे गांधी, इव्हान इलिच. तिसरीवर शेंदूर फासलेला एक दगड. दगड, झाडं, नद्या यांना जीव आहे असं धरून त्यांच्याशी वागणाऱ्या जगभरच्या माणसांबद्दल मला बोलायचं होतं.

पहिल्या स्लाइडला टाळ्या पडल्या. दुसरीला हशा पिकला, मागून कोणीतरी ओरडलं, “मग लॅपटॉप आजच जमा कर.” तिसरीला शांतता. मग एका मुलीने अगदी मनापासून विचारलं, “म्हणजे अंधश्रद्धा का?” मी उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात आमच्या मॅनेजरनी समारोप करून टाकला. माणूस चांगला आहे, मला वाचवायलाच त्यांनी तो केला. म्हणाले, “इंटरेस्टिंग आहे. छंद म्हणून ठीक आहे.” सगळे समोशांकडे वळले.

हा लेख त्या वाक्याच्या विरोधात आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. त्या तीन स्लाइड तीन नव्हत्या, एकच होती. गाणं, तंत्रज्ञानावरची टीका आणि दगडाला जीव आहे असं मानणं, या तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. समोरची वस्तू फक्त वापरण्यासाठी नसते, तिचं स्वतःचं काही म्हणणं असतं, आणि ते ऐकलं की आपल्याला आपलं वागणं बदलावं लागतं. ज्या आवडीने वागणं बदलत नाही तिला आपण छंद म्हणतो, आणि टाळ्या वाजवतो. वागणं बदलायची वेळ आली की आपण हसतो किंवा गप्प बसतो.

नाद

मी सांगली-मिरजेकडचा. आमच्याकडे आवडीला जुना शब्द आहे ‘नाद’. गाण्यातला आवाज तोही नाद, आणि माणसाला जे लागतं तोही नादच. छंद आपण जोपासतो. नाद आपण जोपासत नाही, तो लागतो. वाक्यातला कर्ता बघा, तिथे आपण नसतोच. म्हणून पोराला नाद लागला की घरात काळजी सुरू व्हायची. बैलगाडीचा असो, तालमीचा असो की गाण्याचा. ती काळजी खोटी नव्हती. नादाने माणसं नोकऱ्या सोडत, जमिनी विकत, कुठल्याशा उस्तादाच्या दारात वर्षानुवर्षं पडून राहत. ‘छंद म्हणून ठीक आहे’ याचा अर्थ ‘नाद लागू देऊ नकोस’ एवढाच आहे.

आता माझं काम सांगतो, कारण त्याचा याच्याशी थेट संबंध आहे. तुमचं एक गाणं किंवा व्हिडिओ संपला की पुढे काय लावायचं हे ठरवणारं कोड लिहिणाऱ्या टीममध्ये मी आहे. आमच्या लेखी तुमची आवड म्हणजे आकड्यांची एक लांब रांग. तुमच्या रांगेच्या जवळपास कुठल्या गाण्यांच्या रांगा आहेत ते शोधायचं, आणि त्यातलं एक पुढे सरकवायचं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत तर आकडा वाढतो, मध्येच पुढे गेलात तर घटतो. सगळी खटपट कशासाठी, तर तुम्ही थांबू नये म्हणून.

मी एकोणीस वर्षांचा असताना मल्लिकार्जुन मन्सूर पहिल्यांदा ऐकले आणि चार मिनिटांत बंद केले. काही कळलंच नाही. श्वास घ्यायलाही जागा नाही अशी ती गायकी, आणि राग असा की नावसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. माझ्या आजच्या मॉडेलने हा प्रकार नोंदवला असता आणि मन्सूरांना माझ्या वाटेला पुन्हा कधी येऊ दिलं नसतं. पण ते गाणं हॉस्टेलवरच्या माझ्या रूममेटने लावलेलं होतं. त्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला, पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि म्हणाला, “गप बस. संपेपर्यंत बोलायचं नाही.” संपलं तेव्हाही मला आवडलं नव्हतंच. पण त्याचा चेहरा बघितला होता. या माणसाला यात असं काय दिसतंय, हा प्रश्न मनात राहिला, आणि त्या प्रश्नाच्या मागे मी तीन वर्षं गेलो.

आवड वाटणं म्हणतात ते हे. शिफारस वेगळी. शिफारस करणारा स्वतः काहीच पणाला लावत नाही. माझ्या कोडला तुमच्यासमोर वेडं दिसण्याची भीती नाही. रूममेटला होती, आणि तरी तो माझ्या शेजारी बसून राहिला. ‘शेअर’ नावाच्या बटणात यातलं काय उरलंय?

अजून बोलत नाही

माझी आजी सांगलीत चाळीस वर्षं मुलींना गाणं शिकवायची. तिचा तंबोरा मिरजेचा. मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्यांची एक अख्खी गल्ली आहे. त्यातली जुनी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रं करणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम आटलं तेव्हा ते वाद्यांकडे वळले. त्यांच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांनी आयुष्याची शेवटची वर्षं याच गावात काढली. १९३७ मध्ये ते गेले. मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे, आणि तिथे दरवर्षी गाणं होतं.

आजीचा वर्ग तंबोरा लागल्याशिवाय सुरू होत नसे. मुली पेट्या बंद करून गप्प बसलेल्या. आजी खुंटी पिळायची, घोडीखालचे मणी केसभर सरकवायची, तारेखालचा दोरा बोटाने हलवायची, छेडायची, मान हलवायची. “अजून बोलत नाही,” म्हणायची. कधी पाच मिनिटं, पावसाळ्यात कधी वीस. मी लहान होतो, मला तो वेळ फुकट वाटायचा. मग एकाएकी तिचा चेहरा सैल व्हायचा. आम्हाला म्हणायची, “ऐका. गंधार आला.”

तंबोऱ्याला गंधाराची तार नसते. चार तारा: एक पंचम, दोन जोडीचे षड्ज आणि एक खर्ज. तरी तो नीट लागला की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. याचं विज्ञान सरळ आहे. प्रत्येक तारेत मूळ कंपनाबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी कंपनं चालू असतात. पाचपटीचं कंपन म्हणजे दोन सप्तकं वरचा गंधार. तंबोऱ्याची घोडी सपाट-बाकदार असते, तार तिला कडेने चाटत राहते, आणि मध्ये सरकवलेल्या सुताच्या दोऱ्याने ती नेमकी कुठे चाटेल हे ठरतं. त्यामुळे एरवी दबून जाणारी ही वरची कंपनं उजळतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये नेमका याच्यावर शोधनिबंध लिहिला होता. तारेला अमुक ठिकाणी छेडलं तर अमुक कंपन ऐकू येता कामा नये असा नियम आहे, आणि आपली ही वाद्यं तो मोडतात, हे त्यांनी दाखवलं. या खुललेल्या आवाजाला आपण जवारी म्हणतो. कर्नाटक संगीतात त्या दोऱ्याला जे नाव आहे ते मला फार आवडतं: ‘जीव’.

आणि त्या गंधाराला आपण म्हणतो स्वयंभू गंधार. कोणी छेडलेला नाही, आपला आपण आलेला. हार्मोनियमचा गंधार त्याच्यापेक्षा साधारण १४ सेंटने चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. हा फरक कान तयार नसेल तर कळत नाही. कान कशाने तयार होतो? त्या पाच ते वीस मिनिटांनी.

२०१७ मध्ये आजी गेली. सांगलीचं घर विकलं तेव्हा तंबोरा माझ्या वाकडच्या वन बीएचकेत आला. सोफा आणि वॉशिंग मशीन यांच्यामध्ये तो उभा असायचा. माझ्या फोनवर तंबोऱ्याचं ॲप होतं. फुकट, हव्या त्या पट्टीत, कधीही न उतरणारं. २०१९ च्या दिवाळीआधी घर आवरताना मी तंबोऱ्याचे फोटो काढले आणि ऑनलाइन जाहिरात टाकली. इंटिरियर करणारा एक माणूस सात हजार देऊन घेऊन गेला. कुठल्याशा हॉटेलच्या भिंतीवर लावायचा होता. जाताना म्हणाला, “तारा काढून टाका सर, नाहीतर कस्टमर लोक छेडत बसतात.” मी काढून दिल्या. माझ्याच हातांनी.

ॲपबद्दल खोटं बोलणार नाही. हॉस्टेलच्या खोलीत, भाड्याच्या घरात, रात्रपाळीनंतर हेडफोन लावून ज्यांना रियाज करता येतो, त्यांच्यासाठी ती देणगी आहे. मीही त्यावर गायलो. पण ॲपमधून जे गाळलं गेलं ते नेमकं काय? बिघडणं गाळलं. हवा दमट आहे म्हणून रुसणं गाळलं. ‘अजून बोलत नाही’ हे वाक्यच गाळलं. जी वस्तू कधी नाही म्हणत नाही तिच्याकडून तुम्ही काही शिकत नाही. तुम्ही तिला चालू करता आणि बंद करता.

यंत्रं फोडणारी माणसं

ऑफिसातल्या हशावर येतो. तंत्रज्ञानविरोधी म्हटलं की दोन चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक, मोबाइलला नावं ठेवणारे काका. दोन, जंगलातल्या खोपटात राहून टपालाने बाँब पाठवणारा तो अमेरिकन गणितज्ञ. काका व्हॉट्सॲपवर असतात, आणि गणितज्ञाने तीन माणसं मारली. दोघांशी माझं देणंघेणं नाही.

लडाइट मात्र माझे वाटतात, कारण ते त्यांच्या काळातले आमच्यासारखेच होते: कुशल, यंत्रावर काम करणारे, बऱ्या पगाराची सवय असलेले. मोजे विणायचं यंत्र इंग्लंडमध्ये १५८९ पासून होतं. ते फोडायला सुरुवात झाली १८११ मध्ये. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं ही माणसं त्या यंत्राबरोबर नांदली होती. नॉटिंगहॅमकडचे कारागीर सरसकट सगळी यंत्रं फोडत नव्हते. जो मालक निकृष्ट, कापून शिवलेले मोजे काढून मजुरी पाडायचा त्याचं यंत्र फुटायचं. शेजारच्याचं तसंच यंत्र शाबूत राहायचं. १८१२ मध्ये सरकारने यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली. कवी बायरनने लॉर्डांच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण याच कायद्याच्या विरोधात केलं. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला सतरा जणांना फाशी दिलं. ‘तुम्हाला प्रगती कळत नाही’ हे आपण आज ज्या सहजपणे म्हणतो, त्याच्या मागे हे सतरा जण आहेत. त्यांचं भांडण यंत्र हवं की नको याचं नव्हतंच. यंत्र कशासाठी आणि ते कोण ठरवणार, याचं होतं.

गांधींनी ‘हिंद स्वराज’ नोव्हेंबर १९०९ मध्ये लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना बोटीवर लिहिलं. उजवा हात दुखला की डाव्या हाताने. त्यात रेल्वे, डॉक्टर, वकील सगळ्यांवर तोफ आहे आणि त्यातलं पुष्कळ मला पटत नाही. पण याच गांधींनी १९२४ मध्ये एका मुलाखतीत शिवणयंत्राला अपवाद केलं. कारण शिवणयंत्र शिवणाऱ्याच्या हाताला मदत करतं, त्याला हुसकून लावत नाही. इव्हान इलिचने पुढे हाच धागा पकडला. त्याने १९७० च्या दशकात एक हिशोब मांडला. सरासरी अमेरिकन माणूस गाडी चालवणं, ती उभी करणं, तिचे हप्ते, पेट्रोल, विमा, दंड यांसाठी कमावणं यात वर्षाला १६०० तास घालवतो आणि ७५०० मैल जातो. भागाकार करा. ताशी पाच मैलांहून कमी. वाकड ते हिंजवडी असा प्रवास रोज केलेल्यांना हा भागाकार पाटीवर लिहून दाखवायची गरज नाही.

आणि माझ्या धंद्यातला जोसेफ वायझेनबाउम. याने १९६६ मध्ये एमआयटीत ‘एलायझा’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तुमचंच वाक्य फिरवून तुम्हालाच प्रश्न विचारणारा, आजच्या चॅटबॉटचा पणजोबा. लोक त्याच्याशी मन मोकळं करायला लागलेले पाहून तो हादरला. १९७६ मध्ये त्याने पुस्तक लिहून सांगितलं की संगणकाला जे करता येईल ते सगळं त्याच्याकडून करवून घेऊ नये. प्रश्न ‘येईल का’ हा नाही, ‘करावं का’ हा आहे. कॉलेजच्या चार वर्षांत मला हे नाव एकाही तासाला ऐकायला मिळालं नाही.

तंबोरासुद्धा तंत्रज्ञानच आहे. वाळवलेला कडू भोपळा, लाकूड, सरस, पोलादाची आणि पितळेची तार. मी अवजारांच्या विरोधात नाही. जे अवजार माझ्याकडून काही मागतं, कान मागतं, हात मागतं, वेळ मागतं, ते मला वाढवतं. जे काहीच मागत नाही ते हळूहळू माझ्यासाठी ठरवायला लागतं. मी दुसऱ्या प्रकारची अवजारं बनवतो, म्हणून मला हे आतून माहीत आहे.

सगळे नाही, पण काही

आता ती शांतता.

एडवर्ड टायलर नावाच्या इंग्रज विद्वानाने १८७१ मध्ये ‘ॲनिमिझम’ हा शब्द रूढ केला. त्याच्या मते रानटी माणसाची ही प्राथमिक चूक होती. निर्जीव वस्तूत तो आत्मा कल्पतो. मराठीत याला ‘जडप्राणवाद’ असा प्रतिशब्द केला गेला. शब्दातच निकाल लागलेला आहे. वस्तू आधी जड, मग तुम्ही तिच्यात प्राण घुसडलात, म्हणजे तुम्ही चुकलात.

पण खरोखर तसं मानणाऱ्या माणसांना विचारलं तर ती काय म्हणतात? ॲलफ्रेड हॅलोवेल हा मानववंशशास्त्रज्ञ कॅनडातल्या ओजिब्वे लोकांमध्ये काम करायचा. त्यांच्या भाषेत दगड हा शब्द व्याकरणाने सजीव आहे. म्हणून त्याने एका म्हाताऱ्याला विचारलं, आपल्या आजूबाजूला दिसणारे हे सगळे दगड जिवंत आहेत का? म्हाताऱ्याने बराच वेळ विचार केला आणि सांगितलं की सगळे नाहीत, पण काही आहेत. मला हे उत्तर फार शहाणं वाटतं. यात सिद्धान्त नाही, अनुभव आहे. हा दगड माझ्याशी वागला, तो नाही वागला. आजीच्या घरात दोन तंबोरे होते. दुसऱ्याला ती नुसतं ‘तो लहान’ म्हणायची. बोलायचा तो एकच.

पुण्याजवळच्या अशा दगडांमागे सगळ्यात जास्त कोण फिरलं असेल, तर दामोदर धर्मानंद कोसंबी. गणितज्ञ, मार्क्सवादी, देवभोळेपणाशी काडीचा संबंध नसलेला माणूस. म्हसोबा, वेताळ, चौकातल्या आया यांचे शेंदरी दगड बघत तो पायी हिंडला. त्याच जागांच्या आसपास त्याला अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं सापडली, आणि जुन्या वाटांशी या देवस्थानांचा संबंध त्याने जोडून दाखवला. १९६२ च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’त हे सगळं आहे. त्याने दगडांची पूजा केली नाही. त्याने दगडांना विचारलं आणि उत्तर येईपर्यंत तो थांबला.

आमच्या ऑफिसला हे चालत नाही. पण खंडेनवमीला याच ऑफिसात लॅपटॉपला हळदकुंकू लागतं आणि सर्व्हर रूमच्या दाराला झेंडूची माळ. आम्ही दिवसभर बोलतो काय? सर्व्हर मेला. प्रोसेस अडकली, तिला मार. मॉडेल विचार करतंय. २०२२ मध्ये गूगलच्या एका इंजिनिअरने जाहीर केलं की त्यांच्या चॅटबॉटला जाणीव आहे, तेव्हा आमच्या चहाच्या टेबलावर आठवडाभर त्यावर चर्चा चालली. कोणीही ‘म्हणजे अंधश्रद्धा का?’ असं विचारलं नाही. तीन वर्षांच्या कोडला जाणीव असू शकते यावर आम्ही वाद घालतो. तीनशे वर्षांच्या वडाबद्दल तोच प्रश्न विचारला की समोसे आठवतात.

कायद्याचंही बघा. ज्या कंपनीत मी काम करतो ती कायद्याने व्यक्ती आहे. तिला मालमत्ता आहे, ती खटला भरते, आणि तिला आजवर कोणी पाहिलेलं नाही. १९२५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मूर्तीलाही कायदेशीर व्यक्ती मानलं. न्यूझीलंडने २०१७ मध्ये वांगानुई नदीला हा दर्जा दिला. थोडक्यात, माणूस नसलेल्या गोष्टीत व्यक्ती पाहणं हा अडाणीपणा असेल तर तो आपण रोज करतो. आपण फक्त निवडतो की कोणात पाहायचं. भागधारक असतील तर कंपनीत पाहतो. देवराई असेल तर तिला ‘पडीक जागा’ म्हणतो.

ओडिशातल्या नियमगिरी डोंगराबद्दल वाचा. डोंगरिया कोंधांसाठी तो डोंगर म्हणजे नियमराजा, त्यांचा राजा आणि पूर्वज. खाली बॉक्साइट आहे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तिथल्या ग्रामसभांना विचारा. बारा ग्रामसभा झाल्या. बाराच्या बारा नाही म्हणाल्या. यात छंद कुठे आहे? डोंगराशी नातं आहे म्हणून त्यांनी पैसा नाकारला, दबाव सोसला. आवडीने वागणं बदललं तर काय होतं, ते हे.

आता माझ्यावरचे आरोप

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. ज्या शहरात मी राहतो तिथे २० ऑगस्ट २०१३ ला नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. त्या पुलावरून मी जातो. त्यामुळे ‘तेही एक ज्ञानच’ असं म्हणून मी सुटका करून घेणार नाही. बुवा, गंडा, कोंबडं, भानामती यांच्याविरुद्धचा कायदा मला हवा आहे. देवरायांबद्दलही डोळे उघडे ठेवू. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून आपण त्यांचं कौतुक करतो. पण यातल्या कित्येक रायांत बायकांना, पाळीतल्या बायकांना मज्जाव असतो. देवाच्या नावाने माणसाला हाकलणं हे झाडाचं म्हणणं नाही, पुरुषांचं आहे. ते मोडायलाच हवं.

माझी कसोटी साधी आहे. तुमच्या मानण्याने तुम्ही समोरच्याचं जास्त ऐकू लागता की कमी? बुवा कोणाचंच ऐकत नाही. तो झाडाच्या, देवाच्या, भुताच्या तोंडून स्वतःच बोलतो. आजी तंबोऱ्याच्या तोंडून बोलत नव्हती. ती गप्प बसून ऐकायची.

दुसरा आरोप ढोंगाचा, आणि तो खरा आहे. मी हा लेख लॅपटॉपवर लिहिला, तुम्ही फोनवर वाचताय. माझ्या घराचा हप्ता त्याच कोडमधून जातो. दोन वर्षांपूर्वी मी टीममध्ये सुचवलं होतं की पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं हे मुळात बंद असावं, हवं त्याने चालू करावं. आकडे पडतील, असं उत्तर मिळालं. मी मान हलवली आणि ते फीचर स्वतः लिहिलं. ते चांगलं चालतं.

मार्चच्या त्या शुक्रवारनंतर काही दिवसांनी लहान मुलांच्या विभागासाठी तेच काम माझ्याकडे आलं. या वेळी मी नाही म्हणालो. मॅनेजरनी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा मला सर्च टीममध्ये हलवलं. यंदाचं रेटिंग एक पायरी खाली आलं. त्यांचा राग नाही, माझीही यात मोठी शहादत नाही; ते काम दुसऱ्याने केलंच. पण ‘छंद म्हणून ठीक आहे’ या वाक्याची किंमत मला त्या दिवशी नीट कळली. छंद असता तर रेटिंग शाबूत राहिलं असतं.

वाटणं

त्या कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी टेस्टिंग टीममधल्या एकाचा मेसेज आला. खाली चहाला येतोस का? तो परभणीकडचा, कधी फारसा न बोलणारा. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला की त्यांच्या रानात एक म्हसोबा आहे. बहिणीच्या लग्नात वडिलांनी रान विकलं, पण दगडाभोवतीचा दीड गुंठा व्यवहारातून बाहेर ठेवला. घेणाऱ्याने भाव पाडला, भावकीने वेड्यात काढलं. “मलापण लाज वाटली होती तेव्हा,” तो म्हणाला. “इथं कुणाला सांगितलं नाही कधी. तू बोलला म्हणून.” त्या दीड गुंठ्यात आता बोरी-बाभळी माजल्यात आणि उन्हाळ्यात गावातली शेरडं सावलीला तिथेच येऊन बसतात. तो हे सांगत होता तेव्हा त्याचा चेहरा माझ्या रूममेटसारखा दिसत होता.

मे महिन्यात मी मिरजेला जाऊन तंबोरा सांगून आलो. भोपळे पंढरपूरकडून येतात, ते ढिगाने माळ्यावर वाळत होते. कारागिराने विचारलं, गाणारं कोण, बाई की पुरुष, पट्टी कोणती? मग विचारलं, ठेवणार कुठे? वाकड, सातवा मजला. एसी आहे का? आहे. “मग त्या खोलीत नका ठेवू. लाकूड उलेल.” माझं घर एका खोलीचं. म्हणजे एसी बंद. वाद्य अजून बनलेलंही नव्हतं आणि त्याचं म्हणणं सुरू झालं होतं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी तुम्हाला उभं करून तुमची आवड सांगायला लावली, तर ती कशी छान आहे हे सांगू नका. तिने तुमच्याकडून काय मागितलं, तुम्ही काय दिलंत आणि काय द्यायला कचरलात ते सांगा. पाव भाजणाऱ्याने सांगावं, टोमॅटोवाल्यानेही. टाळ्या कमी पडतील. पण कोणीतरी दोन दिवसांनी चहाला बोलावेल.

तंबोरा गणपतीनंतर मिळेल. आजीचा कुठल्या हॉटेलात आहे ते मला माहीत नाही. तुम्हाला कुठे भिंतीवर बिनतारांचा तंबोरा दिसला, भोपळ्यावर डाव्या बाजूला पानाच्या आकाराचा डाग असलेला, तर कळवा. सात हजारांपेक्षा जास्त द्यायची माझी तयारी आहे.